काका बाप्टिस्टा : एक विस्मृत देशभक्त

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेत धर्मगुरूंनी दिलेले व्याख्यान)



ज्युबिलीच्या प्रसंगी पूर्वजांचे स्मरण करावे असा आपल्यात परिपाठ आहे. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात बैलगाडीतून हिंडून ज्यांनी खेडोपाडी सुवार्ता सांगितली त्या फादरांचे, आणि ज्यांनी मोलमजुरीतून चार पैसे बाजूस काढून देवालयाच्या भिंती उभ्या केल्या त्या तुमच्या आजापणजांचे स्मरण मिस्साच्या वेळी झाले, व ते यथायोग्य झाले. आता या सभेत मी ज्या पूर्वजाविषयी बोलणार आहे तो या जिल्ह्यातला नव्हे. तरीसुद्धा त्यास मी आपला पूर्वज म्हणतो. तो आपल्या धर्माचा होता, आपल्या भाषेचा होता, आणि एके काळी या बुलढाणे जिल्ह्यासह साऱ्या वऱ्हाडात स्वराज्याचे जे संघटित कार्य झाले, त्या कार्याच्या अध्यक्षस्थानी तो बसलेला होता. त्याचे नाव बॅरिस्टर जोसेफ बाप्टिस्टा.

लोक त्यांस ‘काका’ म्हणत. ही पदवी लहान नाही. आपल्या वऱ्हाडात परक्या माणसास आपण ‘साहेब’ म्हणतो, ‘राव’ म्हणतो. ‘काका’ म्हणतो तो घरातल्याच माणसास. गिरणीतला मजूर, टपाल वाटणारा शिपाई आणि पुण्याचा ब्राह्मण वकील या तिघांच्याही तोंडी एका कॅथोलिक बॅरिस्टरासाठी हा एकच शब्द होता, एवढ्यावरूनच त्या माणसाची योग्यता ध्यानात यावी.

त्यांचा जन्म मुंबईस माझगावातील म्हातारपाखाडी या वस्तीत १७ मार्च १८६४ रोजी झाला. वडील जॉन बाप्टिस्टा हे मूळचे भाईंदरजवळील उत्तनचे. उत्तन, गोराई, वसई, साष्टी हा जो समुद्रकाठचा पट्टा, तेथील कॅथोलिक समाजास ईस्ट इंडियन असे नाव आहे. नाव इंग्रजी असले तरी घरातली बोली मराठीच. हे नाव त्या समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, स्वतःस घेतले. बाहेरून नोकरीसाठी मुंबईस येणाऱ्या इतर ख्रिस्ती लोकांपासून आपण निराळे व येथलेच जुने रहिवासी आहो, हे सरकारच्या ध्यानी यावे, हा त्यातील हेतू. एका ज्युबिलीच्या निमित्ताने ज्या समाजाने राणीच्या राज्याशी आपले नाते असे घट्ट केले, त्याच समाजातून पुढे तीस वर्षांच्या आत स्वराज्यसंघाचा अध्यक्ष निघावा, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा.

माझगावच्या सेंट मेरी शाळेत त्यांचे शिक्षण झाले. पुढे पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजात, व त्यानंतर विलायतेस केंब्रिज येथे राज्यशास्त्राचा अभ्यास करून ते बॅरिस्टर होऊन परत आले. १९०१ साली ते मुंबईच्या म्युनिसिपल कॉर्पोरेशनात शिरले. इतकी हकीकत त्या काळच्या पुष्कळ सुशिक्षितांची सांगता येईल. वेगळेपण पुढे आहे.

विलायतेतून येताना त्यांनी आयर्लंडच्या चळवळीचा ध्यास बरोबर आणला. आयर्लंड हा कॅथोलिक लोकांचा देश. त्यावर राज्य प्रॉटेस्टंट इंग्लंडचे. आमचा कारभार आम्ही पाहू, या आयरिश लोकांच्या मागणीस ‘होमरूल’ असे नाव पडले होते. त्या कॅथोलिक राष्ट्राचा सर्वांत प्रबळ पुढारी जो पार्नेल, तो स्वतः प्रॉटेस्टंट होता. लोकांनी त्याचा धर्म विचारला नाही, आणि त्यानेही त्यांचा विचारला नाही. हा धडा बाप्टिस्टा यांनी चांगलाच गिरविला असावा असे मला वाटते. कारण हिंदुस्थानात त्यांनी आपला पुढारी म्हणून ज्यांस मानले ते लोकमान्य टिळक होते.

आता १९०८ सालच्या खटल्याकडे वळतो, आणि येथे थोडा वेळ घेतो. बंगाल्यात मुझफ्फरपूर येथे ३० एप्रिल रोजी बाँब फेकला गेला व त्यात दोन निरपराध इंग्रज स्त्रिया मृत्यू पावल्या. त्या प्रकरणावर ‘केसरी’त जे लेख आले, त्यांपैकी ‘देशाचे दुर्दैव’ व ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या दोहोंवरून टिळकांस २४ जून रोजी मुंबईत पकडण्यात आले. राजद्रोहाचा आरोप. न्यायमूर्ती होते दावर. याच दावरांनी १८९७ च्या पहिल्या खटल्यात वकील या नात्याने टिळकांस जामिनावर सोडविले होते. हायकोर्टात खटला उभा राहण्यापूर्वी सरकारपक्षाने अर्ज केला की, हा खटला खास ज्यूरीपुढे चालावा. खास ज्यूरी म्हणजे बहुतेक युरोपियन गृहस्थ. टिळकांच्या वतीने या अर्जास विरोध करावयास उभे राहिले ते बॅरिस्टर बाप्टिस्टा.

या विरोधाचे मर्म काय, ते नीट पाहा. आरोप होता मराठी लेखांवर. शब्द मराठी, त्यांची छटा मराठी, वाचणारा वाचक मराठी. त्या शब्दांनी राजद्रोह झाला की नाही, हे ठरविणार कोण? ज्यांस मराठीचे अक्षर कळत नाही, जे केवळ सरकारी भाषांतरावर विसंबून राहणार, असे लोक! भाषांतरात एखादा शब्द थोडा अधिक कडक उतरला म्हणजे माणूस काळ्या पाण्यावर जावयाचा. बाप्टिस्टा यांनी मागितले ते इतकेच की, ज्याच्या भाषेचा न्याय करावयाचा ती भाषा न्याय करणाऱ्यास कळावी. आपल्यापैकी जे वृद्ध आहेत त्यांनी लॅटिन मिस्साचा काळ पाहिला आहे. न समजणाऱ्या भाषेत प्रार्थना ऐकणे निराळे, आणि न समजणाऱ्या भाषेवरून शिक्षा ठोठावणे निराळे, हे त्यांस वेगळे सांगावयास नको.

अर्ज सरकारच्या बाजूने निकालात निघाला. नऊ ज्यूररांत सात युरोपियन व दोन पारशी बसले. टिळकांनी आपला बचाव आपणच केला व ते एकवीस तासांहून अधिक वेळ बोलले. २२ जुलैच्या रात्री ज्यूरीचा निकाल लागला : सात विरुद्ध दोन, दोषी. सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा. दुसऱ्या दिवसापासून मुंबईच्या गिरण्यांतील हजारो मजुरांनी काम बंद ठेवले, आणि तो संप सहा दिवस चालला. वर्षास एक दिवस, याप्रमाणे.

पुढे १९१० साली विनायक दामोदर सावरकर यांच्यावर मुंबईत खटला उभा राहिला तेव्हाही बचावाच्या वकिलांत बाप्टिस्टा होते. टिळक व सावरकर यांचे मार्ग निराळे, आणि बाप्टिस्टा यांचा स्वतःचा मार्ग तर सर्वस्वी सनदशीर. परंतु आरोपीस वकील मिळाला पाहिजे हे ते जाणत होते. सरकारच्या रोषास पात्र झालेल्या माणसाचे वकीलपत्र घेणे म्हणजे काय, हे त्या काळच्या वकिलांस विचारावे लागले असते.

मंडालेहून टिळक १९१४ च्या जूनमध्ये सुटून आले. महायुद्ध सुरू झाले. १९१५ च्या डिसेंबरात पुण्यास मुंबई इलाखा, मध्यप्रांत व वऱ्हाड येथील राष्ट्रीय पक्षाच्या मंडळींची परिषद भरली व स्वराज्यसंघ स्थापण्याचा विचार पुढे आला. २८ एप्रिल १९१६ रोजी बेळगाव येथे होमरूल लीगची स्थापना झाली. ही तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याच आठवड्यात, २४ एप्रिलला, ईस्टरच्या सोमवारी, डब्लिन शहरात आयरिश देशभक्तांनी सशस्त्र उठाव केला होता व बेळगावची सभा चालू असता तेथील रस्त्यांवर तोफा चालत होत्या. ज्या आयर्लंडापासून शब्द घेतला तेथे त्या शब्दाचे रक्त होत असता, येथे तोच शब्द शांतपणे, ठराव करून, वर्गणी ठरवून, कचेरी उघडून उच्चारला गेला.

या संघाचे अध्यक्ष जोसेफ बाप्टिस्टा, आणि चिटणीस नरसिंह चिंतामण केळकर. टिळकांनी स्वतः कोणताच अधिकार घेतला नाही. मंडळी, याच टिळकांनी १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून केवढे ग्रामण्य माजले होते! ख्रिस्ती मिशनच्या चहाने ज्या शहरात जात जात होती, त्याच शहरातल्या पुढाऱ्याने पंचवीस वर्षांनी स्वराज्याची गादी एका ख्रिस्ती गृहस्थास दिली, आणि त्याविषयी कोणास काही विशेष वाटले नाही. माणसे बदलतात, कामाने बदलतात.

आता आपल्या वऱ्हाडचा संबंध सांगतो. बेझंटबाईंचा संघ निराळा होता व तो देशाच्या इतर भागांत काम करी. टिळकांच्या संघाकडे महाराष्ट्र, कर्नाटक, मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा मुलूख होता. त्याच्या सहा शाखांपैकी दोन एकट्या वऱ्हाडात होत्या. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हे येथले धुरीण. त्या वेळी वऱ्हाडची स्थिती विलक्षण होती. मुलूख नावाने निजामाचा, १८५३ पासून ताबा इंग्रजांचा, १९०२ पासून कायमचा पट्टा, आणि १९०३ पासून कारभार मध्यप्रांतास जोडलेला. असा दोन धन्यांचा हा प्रांत! जिजामातेचे माहेर जे सिंदखेडराजा, ते या जिल्ह्यात. पण त्या मातेच्या पुत्राने स्थापिलेल्या स्वराज्याचा शब्द येथे उघडपणे पुन्हा उच्चारावयास कायदेशीर संघ लागला.

कापूस मात्र कोणत्याही धन्याचा असो, मुंबईसच जाई. जलंबहून खामगावचा फाटा १८७० साली काढला तो याच कापसासाठी. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव या स्टेशनांवरून गाठोडी गेली, आणि त्याच रुळांवरून वर्तमानपत्रे व पत्रके आली. संघाने पहिल्या वर्षात मराठीत सहा व इंग्रजीत दोन पुस्तिका काढल्या व त्यांच्या सत्तेचाळीस हजार प्रती खपविल्या. १९१७ च्या एप्रिलपर्यंत चौदा हजार सभासद झाले. ज्या काळी खेड्यात वाचता येणारा एखादाच असे, त्या काळी सत्तेचाळीस हजार प्रती म्हणजे सत्तेचाळीस हजार वाचक नव्हेत. एक वाचणार आणि पारावर दहा ऐकणार.

सरकारने या संघास मोडून काढण्याचा यत्न केला. १९१६ च्या जुलैत, टिळकांस साठ वर्षे पूर्ण झाली त्याच सुमारास, त्यांच्या व्याख्यानांवरून चांगल्या वर्तणुकीचा जामीन त्यांजकडे मागण्यात आला. जिना यांनी त्यांची बाजू मांडली व नोव्हेंबरात हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. स्वराज्य मागणे हा राजद्रोह नव्हे, ही गोष्ट त्या निकालाने लोकांच्या मनात ठसली.

स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क असल्याचे टिळकांचे जे जगप्रसिद्ध वाक्य, त्याचे मूळ शब्द बाप्टिस्टा यांनी सुचविले, असे म्हणणारे लेखक आहेत. आपल्यापैकी काही तरुणांस हे ऐकून फार अभिमान वाटतो. मला स्वतःस त्या वादात गोडी नाही. वाक्य ज्याने तुरुंग भोगून उच्चारले त्याचे ते आहे; बाप्टिस्टांचे मोठेपण एका वाक्याच्या मालकीवर अवलंबून ठेवण्याइतके हलके नाही.

१९१७ साली ते संघाचे प्रतिनिधी म्हणून इंग्लंडास गेले. युद्धाचे दिवस, समुद्रात जर्मन पाणबुड्या. तेथे त्यांनी ब्रिटिश मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांशी संबंध जोडून हिंदुस्थानची मागणी त्यांच्यापुढे मांडली. टिळक स्वतः तेथे पोहोचले ते १९१८ च्या अखेरीस.

मजुरांविषयी त्यांस वाटणारी कळकळ केवळ राजकारणापुरती नव्हती. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक वारले. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला मुंबईस अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. अध्यक्ष लाला लजपतराय. उपाध्यक्ष जोसेफ बाप्टिस्टा. पुढल्या वर्षी तेव्हाच्या बिहारमधील झरिया या कोळशाच्या खाणींच्या गावी दुसरे अधिवेशन भरले, त्याचे अध्यक्ष तेच. मजूर व मालक हे श्रम विकणारे व विकत घेणारे नसून कामातले भागीदार आहेत, अशी त्यांची भूमिका होती. यावरून त्या वेळच्या जहाल मजूरपुढाऱ्यांस ते मवाळ वाटत, आणि गिरणीमालकांस अर्थातच जहाल. तेरावे लिओ पोपमहाशय यांनी १८९१ साली मजुरांच्या स्थितीविषयी जे परिपत्रक काढले, ते सेमिनरीत आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. मजुरी ही बाजारातल्या भावाने ठरविण्याची वस्तू नव्हे, हा त्यातला विचार. बाप्टिस्टांचे म्हणणे वाचताना मला त्या परिपत्रकाची आठवण होते.

१९२५ साली ते मुंबई कॉर्पोरेशनचे अध्यक्ष निवडले गेले. या पदास ‘मेयर’ हे नाव १९३१ पासून मिळाले. १९३० साली, देशभर मिठाचा व जंगलचा सत्याग्रह चालू असता, ते निवर्तले.

असा हा पुरुष. मग तो विसरला का गेला?

काही महिन्यांपूर्वी आपल्याच धर्मग्रामातील एक कॉलेजात शिकणारा मुलगा मजकडे आला. वसतिगृहातील सोबत्यांनी त्यास विचारले होते, “तुमच्यापैकी स्वातंत्र्यासाठी कोणी काही केले का रे? तुम्ही तर साहेबाच्या धर्माचे!” मुलगा मला म्हणाला, “फादर, मला एकही नाव सांगता आले नाही, म्हणून मी हसून वेळ मारून नेली.” त्याचे ते हसणे माझ्या मनास फार लागले. त्याच्याजवळ उत्तर नव्हते, कारण आपण कोणी ते त्याच्या हाती दिलेच नव्हते. आणि सोबत्यांजवळही नव्हते, कारण त्यांच्या पाठ्यपुस्तकात ते नव्हते.

विस्मृतीची कारणे दोन्ही बाजूंस आहेत. इतर लोकांनी बाप्टिस्टांचे नाव वाचले व पुढे गेले. हे नाव परक्याचे असावे असे त्यांस वाटले. आणि आपण? आपल्या लोकांपैकी पुष्कळांचे त्या काळी असे मत होते की, सरकारच्या छायेत आपण सुरक्षित आहो, उगीच वाकडे कशास व्हावे. मी त्यांस दोष देत नाही. मुंबई-पुण्याच्या मिशनात तेव्हा जर्मन येशूसंघीय फादर काम करीत. महायुद्धात सरकारने त्यांस शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरवून नजरकैदेत टाकले व मायदेशी पाठविले. शाळा व धर्मग्राम चालविणारी माणसे अशी एकाएकी गेल्यावर, बेळगावचे ठराव देवालयाच्या व्यासपीठावरून वाचून दाखविण्याची कोणाची छाती झाली असती? आपल्या वऱ्हाड-नागपुरात आलेले फादर फ्रान्समधील सावोय प्रांताचे. परदेशी माणसाने राजकारणात तोंड घालू नये, हेच त्यांच्या दृष्टीने उचित होते. ते मौन समजण्यासारखे आहे. मात्र राज्य गेल्यावरही आपण ते मौन पाळीत बसलो, याचे समर्थन मला करता येत नाही.

शिवाय आपल्या लोकांत देशभक्तांचा दुष्काळ होता हे म्हणणेही खरे नाही. बंगाल्यात ब्रह्मबांधव उपाध्याय या कॅथोलिक संन्याशाने ‘संध्या’ पत्र चालविले व राजद्रोहाचा खटला चालू असताच १९०७ साली त्यांनी देह ठेविला. गोव्यात १७८७ साली पोर्तुगीज राज्याविरुद्ध जो कट झाला त्याचे पुढारी खुद्द आपल्यासारखे धर्मगुरू होते. पकडलेल्या धर्मगुरूंस लिस्बनच्या किल्ल्यात नेऊन डांबले, आणि त्यांच्या बरोबरच्या प्रापंचिकांस पणजीत फाशी दिले. चांदरचे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांस १९४६ साली लष्करी कोर्टाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालातील पेनिशच्या किल्ल्यात पाठविले. यांतील प्रत्येकावर एकेक व्याख्यान होईल.

बाप्टिस्टांविषयी बोलताना अतिशयोक्ती होऊ नये याची मी काळजी घेतो. ते हुतात्मा नव्हते. फासावर गेले नाहीत. त्यांचे शस्त्र कायद्याचे पुस्तक, आणि त्यांची रणभूमी कोर्ट, सभा व कॉर्पोरेशन. अशा माणसांचे पुतळे कमी होतात. परंतु फाशीच्या दोरापुढे उभा असलेला माणूस ज्याच्याकडे पाहतो तो वकील, आणि चौदा हजार सभासदांची यादी ज्याच्या सहीने पुरी होते तो अध्यक्ष, यांच्यावाचून कोणतीही चळवळ उभी राहिलेली नाही.

माझगावच्या टेकडीवर, जेथे एके काळी किल्ला होता, तेथील बागेस त्यांचे नाव आहे. डॉकयार्ड रोड स्टेशनावर उतरले की बाग जवळच आहे. खाली म्हातारपाखाडीची जुनी लाकडी घरे व क्रूस. त्यांची कबर शिवडीच्या ख्रिस्ती स्मशानभूमीत आहे. आपल्यातील पुष्कळ मुले शेगाव-मलकापूरहून रात्रीच्या गाडीने नोकरीसाठी मुंबईस जातात. त्यांनी एखाद्या रविवारी मिस्सा झाल्यावर तेथे जाऊन यावे.

काकांचा जन्मदिवस १७ मार्च, म्हणजे आयर्लंडचा आश्रयदाता संत पॅट्रिक याचा सण. त्या दिवशी सकाळी सात वाजता या देवालयात त्यांच्या आत्म्याच्या शांतीसाठी मिस्सा अर्पण करण्यात येईल. मजकडे आलेल्या त्या मुलाने पहिले वाचन करण्याचे कबूल केले आहे, आणि तो आपल्या वसतिगृहातील दोघा सोबत्यांसही घेऊन येणार आहे.